हायब्रिड गाडी मराठवाड्यात: रोजची फिरती, लांबचा प्रवास आणि पैशाचं गणित

मांजराकाठ (लातूर)

हायब्रिड घेतली म्हटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, "चार्जिंगला कुठं लावता?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "अन् लाईट गेल्यावर?" म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही गाडी कुठंच लावायची नसते. पेट्रोल भरायचं अन् चालवायची. बॅटरी ती स्वतःच भरून घेते, ब्रेक दाबल्यावर, उतारावर, आणि इंजिनाकडं थोडी जास्तीची ताकद उरते तेव्हा.

माझ्याकडं टोयोटाची हायरायडर आहे, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे अधूनमधून नुसत्या विजेच्या मोटरवरही चालणारी. हीच गाडी मारुतीकडं ग्रँड विटारा म्हणून मिळते, दोन्ही २०२२ ला आल्या. १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, जोडीला मोटर, दोघांची मिळून ताकद ११६ पीएसच्या आसपास. बॅटरी मात्र ०.७६ युनिटाची. घरातला दीड टनाचा एसी अर्धा तास चालेल, तेवढीच. विजेच्या गाडीत याच्या चाळीस-पन्नास पट मोठी बॅटरी असते. तेव्हा "बॅटरीवर किती किलोमीटर जाते" हा प्रश्नच इथं लागू नाही. ही बॅटरी म्हणजे गल्ला. सकाळपासून रात्रीपर्यंत आत-बाहेर चालूच.

कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. तो विसरा. माझं काम बियाणांचं, फिरती उदगीर, निलंगा, अहमदपूर, केज अशी. गावात शिरायचं, दुकानासमोर थांबायचं, पुन्हा निघायचं. मधे गतिरोधक, शेळ्या, उसाच्या ट्रॉल्या. वेग पन्नास ते सत्तर. या फिरतीत मला २३ ते २५ मिळतं, एसी चालू ठेवून. एप्रिल-मेमध्ये ते २१-२२ वर येतं. आणि समृद्धीवर सव्वाशेच्या आसपास काटा ठेवला (मर्यादा १२० आहे, ठाऊक आहे, ओरडू नका) तर १६-१७.

थोडक्यात, ज्या रस्त्यांना आपण रोज शिव्या देतो त्याच रस्त्यांवर ही गाडी कमावते. गुळगुळीत रस्त्यावर ती फक्त एक बरी पेट्रोल गाडी असते. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही.

नुकताच घरच्यांना घेऊन मालवणला जाऊन आलो. लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग निपाणीवरून आजरा आणि आंबोली उतरून खाली. त्याबद्दल पुढं लिहितो. आधी कुणाचे काय प्रश्न असतील ते येऊ द्या.

सरकी (हिंगोली)

पहिला प्रश्न. डिकीत सरकीची किती पोती बसतात?

मांजराकाठ

एक. तेबी आडवं टाकून, वर बायकोची परवानगी घेऊन. बॅटरी डिकीच्या तळाशी आहे, त्यामुळं तळ वर आलाय. साध्या मॉडेलला डिकी बरी आहे. कोकणात जाताना चौघांच्या बॅगा बसल्या, पण येताना आंब्याच्या पेट्या मागच्या सीटवर पोरांच्या मधे ठेवाव्या लागल्या. ज्याला लग्नसराईत गाडी भरभरून न्यायची आहे त्यानं आधी डिकी उघडून बघावी, मग मायलेज विचारावं.

दख्खनी_दरवाजा (छत्रपती संभाजीनगर)

मी डिझेलवाला आहे आणि राहणार. महिन्यातून बऱ्याचदा नागपूर, अधूनमधून मुंबई. सावंगीला समृद्धीवर चढायचं आणि सरळ. क्रूझ लावला की डिझेल आरामात १८-१९ देतं, वर इंजिनात दम आहे. तुमचे १६-१७ वाचून मला तर हसूच आलं. एवढे पैसे जास्तीचे मोजून हे मिळणार असेल तर कशाला?

मांजराकाठ

तुमच्यासाठी डिझेलच बरोबर आहे, मी वाद घालणारच नाही. कारण सोपं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० ला जेवढा असतो त्याच्या सव्वादोन पट १२० ला. अन् समृद्धीवर ब्रेक कुठं लागतो? ब्रेकच नाही तर बॅटरीत परत काय येणार? मोटर बिचारी बसून असते, इंजिन एकटंच ओढतं, त्यात बॅटरीचं वजन. ९०-९५ ला चाललं तर मला २१ च्या वर मिळतं. पण समृद्धीवर ९० नं जाणाऱ्याकडं लोक असं बघतात जणू बैलगाडी आणलीय.

दख्खनी_दरवाजा

९० नं डावी लेन धरून चालणारे मला तरी चांगलेच वाटतात. मधल्या लेनमध्ये ७० नं रेंगाळणारे ट्रक, त्यांचा त्रास आहे. असो. पण ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा उघडला, तेव्हापासून मुंबईपर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर सलग झाला. मराठवाड्यातल्या माणसाचा लांबचा प्रवास आता याच रस्त्यानं होणार. तेव्हा गाडी घेताना हाच आकडा बघायला पाहिजे, तालुक्याच्या फिरतीचा नाही.

मांजराकाठ

संभाजीनगर-जालन्याच्या माणसाचा. लातूर, धाराशिव, नांदेडच्या माणसाला समृद्धी गाठायलाच अर्धा दिवस जातो भाऊ. आमचं जग म्हणजे तुळजापूर-लातूर-नांदेड रस्ता अन् त्याला फुटलेले सगळे फाटे.

गोदाकाठची_लेक (नांदेड)

मी इथे वेगळी गाडी घेऊन येते. होंडा सिटीची हायब्रिड चालवते. वाचणाऱ्यांसाठी सांगते, हायब्रिड म्हणजे सगळ्या एकच नाहीत. टोयोटा-मारुतीच्या गाड्यांत इंजिन आणि मोटर दोन्हींची ताकद एका ग्रहमालेसारख्या गिअरमध्ये मिसळते. माझ्या होंडा सिटीमध्ये बहुतेक वेळ इंजिन फक्त वीज बनवतं आणि चाकं मोटर फिरवते. हायवेच्या वेगाला क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. त्यामुळे ९०-१०० ला माझी गाडी बऱ्यापैकी चालते, वीसच्या खाली क्वचित येते. शहरात शांतता इतकी की हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये वॉचमन दचकतात.

तोटा सांगते. गाडी खाली बसलेली. नांदेड ते लोहा रस्ता छान आहे, पण आतल्या गावात शिरताना जे गतिरोधक आहेत, ग्रामपंचायतीने की कुणी रात्रीत उभे केलेत कोण जाणे, तिथे पोट घासतंच. पाच माणसं बसली असतील तर दोघांना उतरवून गाडी काढलेली आहे. सासूबाई पहिल्यांदा हसल्या, दुसऱ्यांदा नाही.

निवृत्त_गुरुजी (परभणी)

नमस्कार मंडळी. मी मुळात गणिताचा शिक्षक, गाड्यांतलं फारसं कळत नाही. एका शोरूममधल्या मुलाने मला सांगितलं की त्यांची दुसरी स्वस्त गाडीसुद्धा हायब्रिडच आहे, फक्त "थोडी कमी हायब्रिड." हे थोडं कमी म्हणजे काय असतं? आणि मला सरळ हिशेब हवा आहे. जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात?

मांजराकाठ

गुरुजी, ती माइल्ड हायब्रिड. साधं पेट्रोल इंजिन, त्याला पट्ट्यावर एक छोटी मोटर. सिग्नलला इंजिन बंद होतं, निघताना ती थोडा हात देते. मोटरच्या जोरावर गाडी कधीच चालत नाही. मायलेजला थोडा फरक पडतो, पण तिला हायब्रिड म्हणून विकणं म्हणजे पाणी घातलेल्या दुधाला दूध म्हणण्यासारखं. खोटं नाही, पण तुम्ही मागितलं ते हे नाही.

हिशेब असा मांडा. समजा साध्या अन् स्ट्राँग हायब्रिडच्या किमतीत ३ लाखांचा फरक. पेट्रोल १०५ धरा. साधी १५ देते, हायब्रिड २२. साधीचा किलोमीटरला ७ रुपये खर्च, हायब्रिडचा ४ रुपये ७७ पैसे. वाचले २ रुपये २३ पैसे. तीन लाखाला त्यानं भागा, जवळजवळ १ लाख ३४ हजार किलोमीटर येतात. महिन्याला अडीच हजार फिरत असाल तर साडेचार वर्षं. हजार फिरत असाल तर अकरा वर्षं. फरक कमी-जास्त झाला तर आकडा त्या प्रमाणात हलेल. माझी फिरती तीन हजाराच्या पुढं जाते, म्हणून मी घेतली. एवढंच कारण आहे, पर्यावरण-बिर्यावरण नंतर.

निवृत्त_गुरुजी

उत्तम मांडलंत. मग माझा निकाल लागला. आमचं फिरणं म्हणजे जिंतूरकडे शेत आणि महिन्याकाठी संभाजीनगरला हिच्या तपासण्या. महिन्याला सहाशे भरले तरी खूप. माझ्या वयात अठरा वर्षांचा हिशेब कोण बघायला बसणार!

गोदाकाठची_लेक

काका, पैशाचा हिशेब बरोबर आहे, पण काकूंसाठी एक गोष्ट लक्षात घ्या. स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन बंद असतानाही एसी चालू राहतो, बॅटरी उतरली की इंजिन दोन-तीन मिनिटं स्वतः सुरू होतं आणि पुन्हा गप्प. मे महिन्यात तपासणीला आणलेला पेशंट गाडीत बसून नंबरची वाट बघतो तेव्हा याची किंमत कळते. माझे बरेच पेशंट परभणी-हिंगोलीहून येतात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत. फक्त बंद गॅरेजमध्ये असं कधीही बसू नये. इंजिन आपोआप सुरू होतं, धूर आत कोंडतो, आणि तो धूर जीव घेतो. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

वीजवाला (जालना)

सगळे जण इतका वेळ अर्ध्या विजेवर बोलताय म्हणून मला राहवलं नाही. माझी पूर्ण विजेची आहे. घरी रात्री लावतो, सकाळी भरलेली. हायब्रिड म्हणजे दोन्ही दगडांवर पाय. जीएसटी बघा. विजेच्या गाडीला ५ टक्के. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतरही चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला ४० टक्के, म्हणजे साध्या मोठ्या पेट्रोल गाडीएवढाच. राज्याचा रस्ता कर तुम्ही भरता, आम्हाला सूट. नंबरप्लेट आमची हिरवी, तुमची पांढरी. सरकारच तुम्हाला पेट्रोलवाले समजतं, मग तुम्ही कशाला स्वतःला वेगळं समजता?

मांजराकाठ

कराचं तुमचं खरं आहे. उत्तर प्रदेशानं २०२४ ला स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, आपल्याकडं तसं काही नाही. पण मला सांगा, रात्री साडेनऊला देवणी नाहीतर किनवटच्या बाजूला तुमची बॅटरी वीस टक्क्यांवर आली तर काय कराल? हॉटेलवाल्याला प्लग मागाल. मी पुढच्या पंपावर पाच मिनिटांत पेट्रोल भरून निघतो. टाकी ४५ लिटरची आहे. निगुतीनं चालवली तर लातूर ते मालवण अन् मधलं सगळं फिरून टाकीत काटा शिल्लक राहतो.

वीजवाला

देवणीला रात्री साडेनऊला मी जातच नाही. 😄 पण मुद्दा मान्य. जालना-संभाजीनगर पट्ट्यात आणि मोठ्या हायवेवर चार्जर सापडतात, आतल्या तालुक्यात अजून घरचाच आधार. एक मात्र विचारतो. घाट उतरताना तुमची पाऊण युनिटाची बॅटरी भरून गेल्यावर काय?

मांजराकाठ

हे विचारलं ते बरं झालं, कारण कोकणच्या प्रवासातली खरी गंमत तिथंच आहे.

आंबोली साधारण ६९० मीटरवर. तिथून सावंतवाडीकडं सहाशे मीटर खाली उतरायचं. माणसं अन् सामान धरून दीड टनाची गाडी एवढी खाली आली की अडीच युनिटांच्या घरात ऊर्जा सुटते. बॅटरी पाऊण युनिटाची, त्यातही गाडी ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू देत नाही, मधलाच भाग वापरते. म्हणजे घाटाच्या पहिल्या काही वळणांतच गल्ला भरला. पुढचं सगळं वाया. तुमच्या विजेच्या गाडीत ते सगळं परत मिळालं असतं, इथं तुम्ही जिंकलात.

मग गाडी करते काय? मोटर इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवते, म्हणजे इंजिन ब्रेकचं काम करतं. अचानक इंजिनाचा आवाज वाढतो. बायको म्हणाली, "अहो, गाडी का ओरडायलीय?" ते बिघडणं नाही. गिअरचा लिव्हर "बी" वर, म्हणजे इंजिन ब्रेकच्या खुणेवर टाकायचा, ब्रेकवर पाय कमी ठेवायचा. धुकं अन् पाऊस होता, तरी ब्रेक तापल्याचा वास आला नाही. माझ्या आधीच्या गाडीत याच घाटात यायचा.

चढाची गोष्ट उलटी. कोल्हापूरकडून आंबोलीपर्यंत चढ हळू आहे, कळतही नाही. परतीला मात्र सावंतवाडीहून वर चढताना बॅटरी लवकर उतरते, मग तीन सिलिंडरचं इंजिन एकटं राहतं. पाय दाबला की आवाज आधी, वेग नंतर. पाच माणसं अन् सामान असेल तर दरीच्या बाजूनं ओव्हरटेक करायची हौस ठेवू नका. दख्खनीभाऊंचं डिझेल इथं शंभर टक्के भारी.

रस्त्याचं म्हणाल तर सोलापूर ते मिरज सरळ अन् मोकळा, पोरं झोपून गेली. तुळजापूरला दर्शन करून निघालो होतो, त्यामुळं आईसाहेबांच्या नावाचं पेढ्याचं पुडकं सांगोल्याच्या आतच संपलं. निपाणी ते आजरा रस्ता देखणा आहे, काजूची झाडं तिथूनच सुरू होतात. मायलेज जाताना २३ च्या आसपास, येताना २१.

सरकी

म्हणजे उतारावर वाया गेलं ते चढावर बिलात आलं.

पाना_पकड (अंबाजोगाई)

आमचं गॅरेज आहे, दोन पिढ्यांचं. आधी सांगतो, हायब्रिडचं मोठं काम आम्ही करत नाही अन् इतर कुणी छोट्या गॅरेजवाल्यानं करतो म्हटलं तर त्याच्याकडं जाऊ नका. पण रोजच्या वापरात लोक जे करायलेत ते बघून राहवत नाही.

या टोयोटा पद्धतीच्या गाडीत स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच प्लेट नाही. म्हणजे आमच्यासारख्यांचा निम्मा धंदा गेला. ब्रेक पॅडसुद्धा जास्त टिकतात, कारण निम्मं थांबवणं मोटर करते. हे झालं चांगलं.

आता वाईट. गाडी बंद पडली की आपल्याकडं दोन उपाय. चार जण धक्का मारतात, नाहीतर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढतात. या गाडीला दोन्ही चालत नाही. धक्का मारून ती सुरूच होणार नाही, तशी रचनाच नाही. अन् पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढलं की मोटर फिरते, वीज तयार होते, आतलं जळू शकतं. सपाट ट्रॉलीवाली गाडीच मागवायची. मागच्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याला फोनवर हे समजावता समजावता माझा घसा बसला. त्यांचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन येऊनच उभा होता.

नारंगी वायरीला हात नाही म्हणजे नाही. त्यात शेकडो व्होल्ट असतात. बॉनेट उघडायच्या आधी गाडी पूर्ण बंद करा, चावी लांब ठेवा. नाहीतर गाडी "रेडी" मध्ये असते, इंजिन गप्प असतं, अन् हात आत असतानाच ते सुरू होतं. धुलाई सेंटरवाल्याला सांगा, इंजिनावर प्रेशरचं पाणी मारायचं नाही. बाहेरून अॅम्प्लिफायर, लाईटा, सायरन लावणाऱ्या पोरांना तर गाडीजवळ फिरकू देऊ नका. वायर एक कापली की वॉरंटीचा वाद सुरू.

मांजराकाठ

भाऊ, धुळीचं पण सांगा. मला सर्व्हिसला कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात वाचलं.

पाना_पकड

बरोबर. मोठी बॅटरी थंड ठेवायला पंखा असतो, तो केबिनमधली हवा ओढतो. त्याची जाळी कुठं आहे ते गाडीच्या पुस्तकात दाखवलेलं असतं. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ, काच खाली करून फिरायची सवय, अन् कापसाच्या दिवसांत तंतू. जाळी चोंदली की बॅटरी तापते. तापली की गाडी तिला कमी वापरते, इंजिन जास्त चालतं, मग मालक म्हणतो मायलेज पडलं, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. जाळीसमोर पिशव्या, चादरी रचू नका. उन्हाळ्यात गाडी लिंबाखाली लावा, डांबरावर उन्हात नको.

अजून एक, छोटी १२ व्होल्टची बॅटरी वेगळी असते. गाडी तीन-चार आठवडे न हलवता ठेवली की ती उतरते. मोठी बॅटरी भरलेली असली तरी गाडी "रेडी" होत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा. गुरुजींसारख्या कमी फिरणाऱ्यांना हे जास्त लागू.

दख्खनी_दरवाजा

भेसळीवरून आठवलं. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? २०२५ पासून बहुतेक पंपांवर दुसरं मिळतच नाही. मायलेज पडल्याची ओरड सगळीकडे आहे.

मांजराकाठ

थोडं पडतंच, त्यात गूढ काही नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के घट आली, आधीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत तीन-चार. हायब्रिडलाही तेच लागू.

सरकी

अन् ते इथेनॉल बनतं कशाचं? आपल्याच उसाचं. आपणच पिकवायचं, कारखान्याच्या बिलासाठी आपणच चकरा मारायच्या, अन् चकरा मारायला तेच टाकीत भरायचं.

गोदाकाठची_लेक

😂 सरकीभाऊ, तुम्ही वेगळा धागा काढा.

पाण्याचा विषय निघाला नाही म्हणून मी काढते. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेडला जे पाणी आलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. लोक विचारतात, हायब्रिड पाण्यात गेली तर शॉक बसेल का? मोठ्या बॅटरीची वायरिंग गाडीच्या सांगाड्यापासून वेगळी केलेली असते, आणि काही गळती जाणवली तर गाडी डॅशबोर्डवर इशारा देते. तेव्हा नुसत्या पाण्याने शॉक बसण्याची शक्यता फार कमी. खरी भीती साध्या गाडीला असते तीच. पुलावरून पाणी चाललं असेल तर गाडी घालायची नाही. पाण्यात बुडालेली गाडी बटण दाबून "बघू तरी सुरू होते का" असं करायचं नाही, थेट उचलून न्यायची. आणि इन्शुरन्समध्ये इंजिन-प्रोटेक्शनसोबत बॅटरीचं संरक्षण आहे का ते लेखी बघून घ्या.

वीजवाला

एक बातमी म्हणून टाकतो. ३१ जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारसोबत आपल्या संभाजीनगरच्या कारखान्यासाठी करार केला, विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांसाठी. करार झाला म्हणजे गाडी बाहेर पडली असं नाही, पण कंपनी हायब्रिड सोडत नाही एवढं नक्की. म्हणजे सुटे भाग आणि शिकलेले मेकॅनिक इकडे वाढतील. त्यात माझा फायदा नाही, तरी सांगितलं.

दख्खनी_दरवाजा

ते झालं तर मीही पुढच्या वेळी बघेन. इनोव्हा हायक्रॉस एका मित्राकडे आहे. सात माणसं घेऊन शिर्डीला जाताना समृद्धीवरही तिला धाप लागली नाही. दोन लिटरचं इंजिन आहे, तीन सिलिंडरची रड नाही. पण किंमत ऐकून मी विषय बदलला.

निवृत्त_गुरुजी

सगळ्यांचे आभार. घरी चर्चा झाली. मुलगी म्हणते हायब्रिड घ्या, मी पैसे घालते, आईला एसीत बसता येईल. मी म्हणतो माझ्या हिशेबात बसत नाही. सध्या तहकूब आहे. दरम्यान एक सुचलं, जुनी हायब्रिड घेतली तर? तीन-चार वर्षांची. किमतीतला फरक बराच कमी होतो.

पाना_पकड

गुरुजी, ते चालण्यासारखं आहे, पण बघून. टोयोटाची हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, जे आधी होईल ते. तेव्हा गाडीची नोंदणी तारीख अन् काटा दोन्ही बघा. सगळी सर्व्हिस कंपनीकडंच झालीय का, त्याचा इतिहास मागा. बॅटरीच्या तब्येतीची तपासणी अधिकृत वर्कशॉपमध्ये होते, विकणाऱ्याला ती करून कागद द्यायला सांगा. तो टाळाटाळ करायला लागला की उठा.

घेण्याआधी गाडी दुपारी, एसी लावून, गावाच्या गर्दीतून चालवा. थंड सकाळी मोकळ्या रस्त्यावर सगळ्या गाड्या चांगल्याच वाटतात. "ईव्ही" चा दिवा (गाडी नुसत्या मोटरवर चाललीय हे दाखवणारा) वारंवार लागतो का, इंजिन थांबून-थांबून बंद होतं का, की सतत चालूच राहतं, ते बघा. डिकीचा तळ उचला. चिखलाचा वाळलेला थर, गंजलेले नटबोल्ट, सीटच्या पट्ट्या पूर्ण ओढल्यावर शेवटाला मातकट डाग दिसला तर ती गाडी पाण्यातून आलेली आहे, मग किंमत कितीही कमी असो. पट्टा पूर्ण ओढून बघायचं कुणी लक्षात ठेवत नाही. पुसून-धुवून देणारेसुद्धा नाही.

निवृत्त_गुरुजी

लिहून घेतलं. रविवारी मुलगी येते आहे, तेव्हा संभाजीनगरला दोन गाड्या बघून येऊ. दुपारचीच वेळ मागतो.

सरकी

गुरुजी, डिकी पण बघा. जिंतूरहून हरभरा आणायचाय ना?